पडद्यावरचा निळा ई

दसऱ्याच्या सकाळी इंदुमतीबाईंनी कॉम्प्युटरवरचा शेवंतीचा हार उतरवला, कुंकू पुसलं, बटण दाबलं, आणि बघतात तर पडद्यावरचा निळा ई गायब.

तो ई म्हणजे त्यांचं इंटरनेट. त्यावर दोनदा टिचकी मारली की मेल उघडायची. यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायला वेळही नव्हता. मस्कतला लेकीचे, श्रीलक्ष्मीचे, दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आई जाणार हे ठरलेलं. व्हिसाचा कागद मेलनं पाठवलाय, तेवढा छापून घे म्हणजे तिकीट काढते, असं ती आदल्याच दिवशी फोनवर म्हणाली होती. केशवापूरच्या सायबर कॅफेत जावं तर पासवर्ड कुणाला माहीत? जावयानं मशीन बसवून देताना तो त्यातच घालून ठेवला होता.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. चूक आपलीच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, तशी कानडी मुलखातल्या रायापूरच्या या घरात मुकुंदरावांचं शाईचं पेन, विळी आणि कॉम्प्युटर अशी पूजा मांडली होती. पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून भाजीसुद्धा आधीच चिरून ठेवलेली. हत्यारांना एक दिवस तरी सुट्टी मिळते. बाईंना तीही नव्हती. पूजेआधी त्यांनी मशीन चालू असतानाच ओल्या फडक्यानं पुसलं होतं आणि माऊस तर तांब्या घासावा तसा घासला होता. त्या घासण्यातच ई पुसला गेला असणार.

मुकुंदराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. चष्म्याचं घर सापडलं नाही तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस आज मात्र फार शांत होता. सणासुदीला कोण दुरुस्तीला येणार, बघू सावकाश, आणि देवाच्या मनातच नसेल तुझं जाणं, असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. बाईंना त्याही बोलण्याचा राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

दुपारी सगळं आवरल्यावर त्यांनी वेंकटेशला फोन लावला. तो पलीकडच्या गल्लीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. सणाला गावी गेला होता. बाईंनी आपला गुन्हा कानडीत सविस्तर कबूल केला. त्यानं हसू दाबत कचऱ्याच्या टोपलीच्या चित्रावर टिचकी मारायला सांगितलं. टोपली रिकामी निघाली. मग त्यानं खालच्या कोपऱ्यातलं स्टार्ट, त्यातली यादी, माऊसचं उजवं बटण, असं एकेक करत बोट धरून नेलं. इंटरनेट कुठं गेलंच नव्हतं, दाराबाहेरची पाटी तेवढी काढलेली होती. बघता बघता ई पुन्हा जागेवर आला.

फडक्यानं एवढा घोळ झाला बघ, असं बाई म्हणाल्या, तेव्हा तो म्हणाला, "फडक्यानं नाही अक्का. काढून टाकताना ते विचारतंय, नक्की काढू काय म्हणून. टोपली रिकामी करताना परत विचारतंय. कुणीतरी होय म्हटल्याशिवाय जात नाही."

बाईंनी रिसीव्हर ठेवला. घरात माणसं दोनच. त्यातल्या एकानं होय म्हटलं नव्हतं.

"तुम्ही काढलात," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली. नाही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "मागं छातीत दुखलं तेव्हा तू होतीस. आता दुखलं तर कुणाला हाक मारू मी?"

बाईंना त्यांची कीव आली आणि कीव आल्याचाच संताप आला. सासूबाईंचं अंथरूण, नणंदांची लग्नं, बदल्यांची गावं, सगळं त्यांनी ओढलं होतं. आता लेकीकडे जायचं तर तेही चोरी केल्यासारखं.

"त्या मशीननं तुम्हाला दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "मला या घरात कुणी एकदा तरी विचारलं काय हो?"

मुकुंदराव उठले. दुसरी खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदाच अवघड सही करायला बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"विचारतो," ते म्हणाले. "जायचंय काय तुला?"

होय असं चटकन येईल, असं बाईंना वाटलं होतं. ते आलंच नाही. डोळे भरले, आणि इतक्या वर्षांचा शीण एकदम गुडघ्यांत, पाठीत, मानेत उतरला. मेलवरच्या फोटोतला लेकीचा सुजलेला चेहरा आठवला. शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा.

"जायचंय," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी मान हलवली. कोर्टात जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की विचारल्यावर जे उत्तर येईल ते लिहून घ्यावंच लागतं. फोनची वायर त्यांनीच मॉडेमला जोडली. मॉडेम किंचाळत राहिला आणि दोघं त्याच्याकडे बघत बसले. मेल उघडली, कागद छापून बाहेर आला. मुकुंदरावांनी तो नीट वाचला, बाईंच्या हातात दिला आणि खाली मान घालून विचारलं, भाताला पाणी किती घालायचं.