तांडेलाचं सुतक

मोरेश्वरअण्णांनी चष्मा वर सरकवला, मांडीवरचं पुस्तक जरा उचलून धरलं आणि हिरोजी तांडेलाला गलबतावरून खाली उतरवलं.

‘‘मैना वाळूवर फाटलेलं शीड शिवत बसली होती,’’ ते वाचू लागले. ‘‘वादळात गलबत हाकणारा हिरोजी, पण तिच्यापुढे त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यानं लांबच्या बंदरातून आणलेला शंख तिच्यासमोर ठेवला. मैनेनं वर पाहिलं नाही. तिनं टाका घातला, दोरा ओढला आणि दाढेखाली धरून तोडला.’’

झेंडूच्या ढिगाभोवती बसलेल्या बायकांचे हात चालूच होते. नवरात्राचे शेवटचे दिवस. संध्याकाळी टेम्पो हार घेऊन फूलबाजारात जायचा. दुपारचं भारनियमन असल्यानं टीव्ही बंद. मखमलाबादच्या या मळ्यात मालिकांच्या जागी अण्णांचा तांडेल लागायचा.

अण्णा वाचनालयातून निवृत्त झालेले, मळ्याला लागून असलेल्या खोलीत एकटेच राहणारे. एकदा ते लिंबाखाली मनातल्या मनात वाचत बसले होते, तेव्हा मळ्याच्या मालकीणबाई कलाबाई म्हणाल्या होत्या, ‘‘एकटेच काय गिळताय? मोठ्यानं वाचा की!’’ तेव्हापासून रोज दुपारी शेडमध्ये त्यांच्यासाठी गोणपाट अंथरलेलं असे.

पुस्तक जुनं, मराठ्यांच्या आरमाराच्या काळातलं. त्याची शेवटची पानं गळून गेली होती. आषाढातच गोष्ट मध्येच तुटली, पण ते अण्णांनी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून ते पुस्तक उघडून मनातलंच वाचत. मूळ पुस्तकात मैना शीड शिवत नव्हती. ती विधवाही नव्हती.

‘‘अगं बया!’’ कलाबाईंची भाची सुवर्णा एकदम ओरडली. ‘‘ही तर आमची आत्याच की!’’

सगळ्यांनी कलाबाईंकडे पाहिलं. हाराचा दोरा नेमका तेव्हाच त्यांच्या दाढेखाली होता.

‘‘तरी म्हटलं,’’ शेजारी हार ओवणाऱ्या चिमणाबाई म्हणाल्या, ‘‘परवा मैनेच्या हनवटीवर तीळ पण आला व्हता.’’

‘‘आत्या, तुझा तांडेल कुठं हाय गं? गोदावरीत गलबत चालत असंल का?’’

शेड हसण्यानं भरून गेली. कलाबाई हसल्या नाहीत. दोरा तोंडातून काढून त्यांनी अण्णांकडे पाहिलं, सरळ, इतकं सरळ त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

अण्णांचे कान तापले. उद्यापासून गोणपाट अंथरलं जाणार नाही, एवढंच त्यांना दिसू लागलं.

‘‘त्याच रात्री वादळ झालं,’’ ते घाईघाईनं म्हणाले. ‘‘गलबत खडकावर आपटलं. हिरोजी बुडाला.’’

त्यांनी पुस्तक मिटलं.

हसू जिथल्या तिथे थांबलं.

‘‘बुडाला म्हंजे?’’ सुवर्णानं विचारलं.

‘‘म्हणजे... गेला.’’

‘‘असा कसा गेला? आत्ता तर शंख दिला त्यानं!’’

चिमणाबाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. मग त्यांनी मांडीवरचा अर्धा हार उचलला आणि दोरा खेचून तोडला. फुलं जमिनीवर सांडली. शेजारच्या बाईनंही तेच केलं. मग तिच्या शेजारचीनं.

‘‘अहो, हे काय करताय?’’ अण्णा अर्धवट उठले.

‘‘मेल्याचं ऐकत ओवलेला हार देवीला कसा चालंल?’’

‘‘पण गोष्ट आहे ती! आणि तीनशे वर्षं झाली त्याला.’’

‘‘झाली असतील,’’ चिमणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘आम्हाला आत्ताच कळलं ना?’’

बायका एकामागून एक उठल्या आणि हातपाय धुवायला हौदाकडे गेल्या. अण्णा सांडलेल्या फुलांकडे बघत राहिले. आपल्या एका वाक्यानं हे झालं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

कलाबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचा हार शाबूत होता. बोटं नेहमीसारखी चालत होती. बोलताना, रागावताना, चहा सांगतानाही ती कधी थांबत नसत.

अण्णा चपला शोधू लागले.

‘‘बसा.’’

ते बसले.

‘‘आमचे हे विहिरीच्या कामावर गेले, ते गेलेच,’’ कलाबाई म्हणाल्या. ‘‘माणूस आला, सांगून गेला. मला कुणी इचारलं नाय, जाऊ द्यायचा का म्हणून. पण ह्याला तर तुम्ही बुडवला.’’

‘‘नाही, पुस्तकातच तसं...’’

‘‘आखाडापासून तुमचं एकच पान उघडं हाय, अण्णा. चहाचा डाग हाय त्याच्यावर.’’

अण्णांचा हात पुस्तकावर तसाच राहिला.

‘‘तुम्हाला... माहीत होतं?’’

कलाबाईंनी पाटीतलं एक फूल निवडलं, पाकळीवरची कीड नखानं उडवली.

‘‘प्रेत सापडलं का?’’

‘‘कुणाचं?’’

‘‘तांडेलाचं!’’

‘‘नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘अजून तरी नाही.’’

‘‘मग पोरींना उगाच सुतक कशाला? एवढे हार परत ओवायचे, वर टेम्पोवाला बोंबलंल. त्या यायच्या आत त्याला काठाला लावा.’’ त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. ‘‘आन् पुन्हा वस्तू ठिवून मुकाट उभा राहिला, तर त्यापरीस बुडालेला बरा.’’

हौदावरचा पाण्याचा आवाज थांबला. ओल्या हातांनी बायका शेडमध्ये आल्या, आपापल्या जागी टेकल्या. सुवर्णाचे डोळे लाल होते.

‘‘अण्णा, खरंच मेला का हो?’’

‘‘नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘लाटेनं त्याला वाळूवर आणून टाकलं. सकाळी तो उठला आणि मैनेकडे गेला.’’

‘‘बघा! मी म्हणत नव्हते?’’ चिमणाबाईंनी सांडलेली फुलं पदरात गोळा करायला घेतली. ‘‘मग? बोलला का काही मेला?’’

शेडमध्ये सगळ्यांचे हात पुन्हा चालू झाले होते. अण्णांनी मिटलेलं पुस्तक मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं आणि समोर पाहिलं.

कलाबाईंची बोटं थांबली होती.