सोळा नंबरची चौकट

"झाडं काय पळून जाणार आहेत?" टेप माझ्या कानाशी पुटपुटला. "वर्षभर तिथल्या तिथे उभी असतात बिचारी. घाई फक्त आपल्याला."

आम्ही दोघं एकाच खुंटीवर वाकलो होतो. मी खुंटी धरली होती आणि हातोडी त्याच्या हातात होती. अशा वेळी कुणी कुरकुर केली तर उलट उत्तर देऊ नये, एवढी अक्कल मला आहे.

तो मोजपट्टी धरतो म्हणून त्याला टेप म्हणतात असं वनखात्याच्या कचेरीतल्या आमच्या मॅडमना वाटतं. खरं कारण असं की एकदा सुरू झाला की तो थांबत नाही. गाडीही तोच चालवतो. पन्नाशीला आला आहे, घरी दोन मुली आहेत आणि त्या त्याला बोलू देत नाहीत, म्हणून सगळं साठलेलं आमच्यावर येतं.

आमचं काम वर्षातून सहा आठवड्यांचं. पाऊस ओसरला की जंगलाच्या उतारावर जायचं. तिथे दोऱ्या बांधून आखलेल्या चाळीस चौकटी आहेत, प्रत्येक चौकट साधारण एका मोठ्या खोलीएवढी. चौकटीतल्या प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी पत्र्याचा नंबर बांधलेला असतो. रोप कसलं, जगलं की मेलं, किती वाढलं, नवीन किती उगवली, हे सगळं फॉर्मवर उतरवायचं. जगलं तर बरोबरची खूण, मेलं तर फुली. हा उतार तोडीला आणि चराईला बंद आहे. तो बंद ठेवायचा की उघडायचा हे कचेरीत आमच्या कागदांवरून ठरतं. म्हणजे रोपं मरू लागली तर का मरतात ते बघायला माणसं येतात, आणि वाढत असली तर उताराला आणखी काही वर्षं कुणी हात लावत नाही. आम्ही खोटं लिहिलं तर दोन्ही होत नाही.

फॉर्मच्या वर "निरीक्षक" असा रकाना आहे, तिथे माझ्या धाकट्या दिरांचं नाव. खाली "लेखनिक", तिथे माझं. कागदावर मला नाव आहे. हाक मारायला मात्र मी सगळ्यांची वहिनीच.

भावजी सतरा वर्षं हे काम करतात. सुरुवातीला ते वाट दाखवायला म्हणून आले होते. महिन्याभरात कचेरीतली माणसं पुस्तक मिटून त्यांना विचारायला लागली. दोन झाडांची रोपं अगदी जुळ्या भावांसारखी दिसतात, फरक एवढाच की एकाच्या पानाला मागून बारीक लव असते. भावजी पान उलटं करून खालच्या ओठावरून फिरवायचे. बोटांना घट्टे पडतात, ओठाला पडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी नववीनंतर शाळा सोडलेली. पहिल्या वर्षी मी "लाल देठाचं" आणि "खरखरीत" असं काहीबाही लिहायचे. ते चार-चारदा सांगायचे, कधी चिडले नाहीत. मला झाडांतलं जे काही येतं ते त्यांच्या आवाजातच येतं.

तीन वर्षांपूर्वी एका चौकटीत ते म्हणाले, "सात नंबर, जिवंत, गुडघ्याएवढं." मी बघितलं तर सातचा पत्रा एका वाळक्या काडीला लटकत होता. बोलण्याच्या ओघात चुकले असतील म्हणून मी गुपचूप फुली मारली. पुढच्या चौकटीत तसंच झालं, त्याच्या पुढच्या चौकटीतही. संध्याकाळी मी आदल्या वर्षीचा गठ्ठा काढला. भावजी मागच्या वर्षीची यादी जशीच्या तशी सांगत होते. चाळीस चौकटी, दोन हजारांवर रोपं, सगळी तोंडपाठ. लोकांना नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात राहत नाहीत.

त्याच हंगामात त्यांनी मला पिवळं जाकीट आणून दिलं. लांबून डोळ्यांत भरेल असं, भडक. "वहिनी, तुम्हाला पिवळा चांगला दिसतो," म्हणाले. लग्नाला तीस वर्षं होत आली, मला काय चांगलं दिसतं यावर त्या घरातला एकही पुरुष कधी बोलला नव्हता. मी जाकीट घातलं आणि तेव्हापासून वाटेवर त्यांच्या पुढे चालू लागले.

घरीही हेच. धाकटी जाऊ पूर्वी दर दोन महिन्यांनी खाट इकडची तिकडे करायची, तो तिचा एकुलता एक शौक. तो तिने बंद केला. आता खुर्ची, टेबल, पाण्याचा माठ, सगळं जिथल्या तिथे, आणि कुणी स्टूल हलवलं तर ती अंगावर धावून येते. एकदा आमच्या ह्यांनी टेबल खिडकीशी सरकवलं. भावजींची नडगी सोलून निघाली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून टेबलाला नावं ठेवली. कसलं बेढब टेबल, कुणी घेतलं हे, विकून टाका. ह्यांनी तर त्याला लाथही घातली. भावजी नडगी चोळत हसत होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते दोनदा जाऊन आले, थेंब आणले. काय म्हणाले डॉक्टर, असं विचारलं तर म्हणाले, "थेंब दिलेत."

फक्त एकदा, डबा खाताना, कसलाच संदर्भ नसताना ते म्हणाले होते, "वहिनी, हे काम सुटलं तर मी घरी बसून करू काय? खुर्च्या मोजू?" मी म्हटलं, भाजी घ्या आणखी. याहून शहाणं काही सुचलं नाही.

तर आमचं असं बसलं होतं. ते आठवेल ते सांगायचे, मी दिसेल ते लिहायचे, आणि टेप मोजलेली उंची जरा जास्तच मोठ्याने ओरडायचा. नवीन रोपांपाशी मी पान तोडून त्यांच्या हातात द्यायचे. ते ओठावरून फिरवून नाव सांगायचे आणि तिथे ते एकदाही चुकले नाहीत. मीच चुकत होते. कागद बरोबर जात होते. मी स्वतःला सांगायचे की यात खोटं काहीच नाही.

यंदा चौथ्या आठवड्यात माझा गुडघा सुजला. एक दिवस घरी राहिले. त्या दिवशी ते दोघं सोळा नंबरला गेले.

संध्याकाळी टेप गुडघ्याची चौकशी करायला आला आणि दारातच घुटमळला. त्याला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, मोजपट्टीपुरता तो हुशार. म्हणाला, दादा सांगत गेले, मी लिहीत गेलो. मोजू का म्हटलं तर म्हणाले राहू दे, उंची मीच सांगतो, तू एकटा काय काय करशील. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला की काही पत्र्यांपाशी त्याला काहीच दिसलं नाही. हरणांनी खाल्लं असावं. पण दादा आहे म्हणाले, तर नाही म्हणणारा तो कोण.

मी म्हटलं, बघते. गुडघा उतरला की सोळा नंबरला जाऊन येते. गुडघा उतरला तोवर आम्ही तिसाच्या पुढे गेलो होतो. चाळिसातली एक चौकट, मी मनाशी म्हटलं. आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

हंगाम संपला की मॅडम चिठ्ठ्या काढून चार चौकटी निवडतात आणि स्वतः जाऊन पडताळतात. यंदा चौथी चिठ्ठी सोळाची निघाली.

परवा त्यांनी आम्हा तिघांना कचेरीत बोलावलं. लांब टेबलावर कागदांत दाबलेली पानं वाळत पडली होती, ती उडू नयेत म्हणून पंखा बंद. मॅडम आमच्या मुलांच्या वयाच्या, पण कामाला चोख आणि बोलायला सरळ. भावजी भिंतीकडच्या शेवटच्या खुर्चीत बसले. ती त्यांची नेहमीची.

मॅडम म्हणाल्या की तीन चौकटी अगदी तंतोतंत जुळल्या, इतक्या जुळल्या की त्यांनी वरच्या साहेबांना मुद्दाम कळवलं. मग त्यांनी सोळाचा फॉर्म टेबलावर ठेवला. यात एकतीस रोपं जिवंत आहेत, त्यांना बावीस सापडली. शेजारी त्यांनी दुसरा कागद ठेवला, मागच्या वर्षीचा. तेच एकतीस नंबर, त्याच उंच्या.

"वर्षभरात एकही रोप बोटभर वाढलं नाही?" त्यांनी विचारलं. मग टेपकडे वळल्या. "अक्षर तुमचं आहे. तुम्ही वर चढला होतात, की गाडीत बसून जुना कागद उतरवला?"

टेप थांबला. इतक्या वर्षांत मी त्याला थांबलेलं पाहिलं नव्हतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, भावजींकडे बघायचं टाळलं आणि तळहात उलटासुलटा करून पाहिला, जणू तिथे काही लिहून आणलं होतं.

"चूक झाली, मॅडम," तो म्हणाला.

मॅडमना राग आला नाही, त्याहून वाईट झालं, त्यांना दुःख झालं. त्या म्हणाल्या की मोजताना चूक होते, ते समजू शकतं. पण न बघता लिहिलेला एक कागद निघाला की सतरा वर्षांच्या सगळ्या कागदांवर बोट ठेवता येतं. असं करणाऱ्या माणसाला त्या पुढच्या हंगामात घेऊ शकत नाहीत, आणि का घेतलं नाही ते त्यांना लिहून द्यावं लागेल.

आता मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "त्या दिवशी मी नव्हते."

शब्द खरा होता. पण ऐकायला तो असा आला, की मी असते तर हा माणूस असं करू धजला नसता. टेपने मान खाली घातली. पुढचं वाक्य घशाशी आलं होतं, पण ते माझं नव्हतं. ज्यांचं होतं ते शेवटच्या खुर्चीत बसले होते.

"वहिनी," भावजी म्हणाले, "दोन्ही कागद मोठ्याने वाचा."

मी वाचायला लागले. एक नंबर, जिवंत, वीतभर. दोन नंबर, जिवंत, गुडघ्याएवढं. पाच-सहा ओळी झाल्यावर मला दिसलं की मॅडम कागदाकडे बघतच नाहीत. त्या भावजींकडे बघत होत्या. भावजींचे ओठ हलत होते, आणि ते माझ्या एक ओळ पुढे होते.

मी वाचायची थांबले. ते बारापर्यंत जाऊन थांबले.

"हा वर आला होता, मॅडम," ते म्हणाले. "माझ्यापुढे चार पावलं. दगड आला की खोकायचा, म्हणजे मला कळावं. मी सांगितलं तेच त्याने लिहिलं. त्याचा कागद खरा आहे, खोटं सांगितलं ते मी."

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. म्हणाल्या, पण बाकीच्या तर सगळ्या जुळल्या.

"त्या वहिनींच्या. मी जिवंत म्हणायचो आणि त्या फुली मारायच्या." मग माझ्या बाजूला, माझ्या जरा डावीकडे बघून ते म्हणाले, "बरोबरची खूण एका दमात होते, वहिनी. फुलीला पेन्सिल दोनदा टेकते. तीन वर्षं ऐकतोय मी."

मी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"काका, मला नीट कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "समोर रोप नसताना तुम्ही आहे असं का सांगाल?"

भावजींनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर सपाट ठेवले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.