डाव्या बुटातला कागद

नव्या ‘वादळ्या’ सिनेमाची पहिली झलक शुक्रवारी सकाळी दहाला आली आणि सव्वादहापर्यंत निम्म्या जगाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. उरलेलं निम्मं जग तेव्हा कामावर होतं.

“हा वादळ्या? हा तर फुंकऱ्या!” एकाने लिहिलं. “हनुवटी बघा, हनुवटी! असल्या हनुवटीने जग वाचतं होय?” दुसऱ्याने विचारलं. तिसऱ्याचं दुःख सगळ्यात मोठं. जुन्या वादळ्याचा झगा निळा होता, नव्याचा जांभळट दिसतोय, सबब “माझं बालपण आज मेलं”, असं त्याने जाहीर केलं. गृहस्थ बेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे बालपणाने तसा बराच दम काढला होता.

या गदारोळात चाहत्यांच्या ग्रुपवर ‘जुनी टाच’ नावाच्या कुणीतरी लिहिलं : “बाकी सगळं सोसेन. पण वादळ्याचं पाऊल कुठे गेलं? हा चालतोय की मांजर दुधाकडे निघालंय?”

झालं! दुपारपर्यंत त्याला नव्वद हजार अंगठे पडले. लोक हनुवटी विसरले, झगा विसरले. सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या सिनेमात वादळ्या अंधाऱ्या बोळातून यायचा तेव्हा आधी दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा. टक-धप. टक-धप. डावी टाच जराशी मागाहून पडायची. त्या टाचेवर चाहत्यांनी आजवर काय काय लिहिलं होतं! कुणी म्हणे लहानपणी त्याच्या डाव्या पायावर वीज पडली, कुणी म्हणे बापाच्या मरणाचं ओझं तो त्या बाजूला वाहतो. आता सगळ्यांची एकच मागणी झाली : पाऊल परत द्या.

ही ‘जुनी टाच’ म्हणजे तिसऱ्या मजल्यावर रेक्झिनच्या खुर्चीत गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसलेले सहासष्ट वर्षांचे एक गृहस्थ. धंद्यातले लोक त्यांना टाचमास्तर म्हणत. आता तुम्ही विचाराल, कसला धंदा? तर सिनेमात माणसं चालतात ना, त्यांची पावलं तिथल्या तिथे कोणी नोंदत नाही. नंतर एका बंद खोलीत, समोरच्या पडद्याकडे बघत, कुणीतरी दुसराच माणूस त्यांच्यासाठी चालतो. खडीच्या ट्रेमध्ये, वाळूत, फळीवर. नायक गोरागोमटा, पाय टाचमास्तरांचे. असा त्यांनी चाळीस वर्षं संसार केला, आणि ‘वादळ्या’च्या पावलांसाठी त्यांना बक्षीसही मिळालं. एक पितळी बाहुली, हात वर केलेली. ती कपाटावर उभी असते आणि त्यांची बायको दर रविवारी ती पुसते.

बायको हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते.

मास्तरांनी ते लिहिलं का, तर नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून. नव्या ‘वादळ्या’ची पावलं त्यांच्या लेकीने वाजवली होती. होय, पोटच्या पोरीने! बापाचा हात धरूनच ती या धंद्यात आली. अकरा वर्षं जाहिरातींमधली दारं उघडली-लावली, आणि आता कुठे हा पहिला मोठा सिनेमा हाती आला. तिने घरी पेढ्यासारखी बातमी दिली, पण एकदा तरी विचारावं की नाही, बाबा, तुम्ही ते कसं केलं होतं? नाही विचारलं. स्वतःच्या मनाने केलं. मास्तरांना तेवढंच लागलं. नाव बदलून एक ठिणगी टाकली आणि वणवा पेटल्यावर हात शेकत बसले.

बरं, एवढ्यावर थांबावं? पण कुणा ‘वादळभक्त ७७’ने डिवचलं, “टाचेतलं तुला काय कळतं रे?” मास्तरांनी ठसक्यात उत्तर दिलं, “मला विचारतोस? डाव्या बुटात कागद कमी कोंबला होता. म्हणून ती टाच मागाहून पडते. लिहून घे.” लोकांनी खरंच लिहून घेतलं.

शनिवारी दुपारी लेक घरी आली ती हातात बुटांची पिशवी घेऊनच. डोळे सुजलेले.

“निर्मात्यांनी बुधवारपर्यंत मुदत दिलीय,” ती म्हणाली. “जुनं पाऊल आणा, नाहीतर दुसरं माणूस बघतो म्हणाले. अख्खा सिनेमा काढून घेतील माझ्याकडून.”

“पण जुनं नोंदलेलं असेल की त्यांच्याकडे,” सिस्टर म्हणाली. ती टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होती.

“त्यात संगीत, पाऊस, सगळं एकत्र आहे. सुटं पाऊल कुणाकडेच नाही. बाबा, उद्या स्टुडिओत याल? तुम्ही चालाल?”

मास्तरांची छाती फुगली. पोरीचे डोळे बघून आत काहीतरी टोचलंही, नाही असं नाही. पण छाती आधी फुगली, हे खरं ते सांगायला हवं.

“येतो की! त्यात काय? आपल्याला विचारलं असतंस तर ही वेळच आली नसती.”

सिस्टरने पेन्सिल थांबवून नवऱ्याकडे नुसतं बघितलं. वॉर्डात ती अशी बघायची तेव्हा पेशंट मुकाट औषध घ्यायचे. मास्तरांनी खिडकीबाहेर काही आहे का ते पाहिलं.

रविवारी सकाळी मास्तर त्या खोलीत उभे राहिले. भिंतींना गाद्या, जमिनीवर खडीचा ट्रे, कोपऱ्यात नंबर टाकलेले शंभरेक जोडे, जवळच वाकलेला माइक. त्यांनी आपले जुने काळे बूट चढवले. पडद्यावर नवा वादळ्या बोळातून निघाला, मास्तर निघाले. काचेपलीकडे लेक कानाला हेडफोन लावून बसली होती.

टक-टक. टक-टक.

“पुन्हा एकदा, बाबा.”

टप-टक. टक-फस्स.

मास्तर म्हणाले खडी बारीक आहे. खडी बदलली. म्हणाले माइक लांब आहे. माइक जवळ घेतला. म्हणाले हा नवा पोरगा चालतोच चुकीचा, त्याच्याबरोबर कोण चालणार? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तिसाव्या खेपेला गुडघ्याने राजीनामा दिला आणि ते स्टुलावर बसले. लेक आत आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

“बाबा, एक विचारू?”

“विचार. पण तो माइक आधी सरळ कर.”

“त्या ‘जुनी टाच’ने लिहिलंय, डाव्या बुटात कागद कमी होता. हे कुणाला माहीत होतं?”

मास्तर लेस सोडायला वाकले. लेस सुटलेलीच होती. “असेल कुणी जुना इथला.”

“‘मांजर दुधाकडे निघालंय’ हे तुम्ही मला सातवीपासून म्हणताय.”

मास्तर वर बघेनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेकीने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, चार शब्द उलटे टाकता आले असते. ती चढवतच नव्हती.

“मला शुक्रवारीच कळलं. दोन दिवस रडले मी. आईला सांगितलं, तुम्हाला नाही. तुम्हाला विचारायला मी घाबरले होते, बाबा. तुमच्यासारखं जमणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून वेगळं केलं. असो. ते मी नंतर भांडेन. आत्ता मला दुसरंच कळत नाहीये. बूट तुमचे, माप तुमचं, पायही तुमचा. मग आत कागद कशाला कोंबला?”

मास्तर मनात सबब शोधायला लागले. पाय सुजला होता म्हणावं, तर सुजलेल्या पायाला कागद लागत नाही, मोठा बूट लागतो. आठवत नाही म्हणावं, तर ते मात्र चाललं असतं. म्हातारा माणूस, सव्वीस वर्षांची गोष्ट, कोण खोटं म्हणणार? मग बुधवारी दुसरं कुणी आलं असतं, पोरगी पुन्हा जाहिरातींची दारं लावायला गेली असती, आणि पितळी बाहुली कपाटावर आहे तशी उभी राहिली असती. मास्तरांच्या तोंडात ते “आठवत नाही” तयार होतं. त्यांनी लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते गिळलं.

“आईला फोन लाव,” ते म्हणाले.

“आईला? कशाला?”

“ती पावलं तिची आहेत.”

मग त्यांनी सांगितलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं ही म्हण आहे, मास्तरांनी ती अक्षरशः करून दाखवली होती. खलनायक पडल्याचा आवाज काढायला वाळूची गोणी उचलली, ती सुटली आणि अंगठ्यावर आली. सिनेमा दुसऱ्या दिवशी द्यायचा, पायाला बोट लावू देत नव्हते. मलमपट्टी करायला सिस्टर ड्युटीवरून तशीच धावत आली, आणि हा माणूस लहान मुलासारखा रडतोय हे बघून म्हणाली, “द्या ते बूट इकडे. चालायचंच आहे ना?”

सिस्टर अर्ध्या तासात आली. येताना वर्तमानपत्र घेऊन आली, म्हणजे फोनवर तिला फार सांगावं लागलं नव्हतं. स्टुलावर बसून तिने पानं सुटी केली, चुरगाळली, उजव्या बुटात दोन कोंबली, डाव्यात एक. आणि एक पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

“ते का ठेवलंस?” लेकीने विचारलं.

“शब्दकोडं आहे त्यात.”

“आणि तेव्हा?”

“तेव्हाही होतंच की.”

लेक खो-खो हसत सुटली. विजेचा झटका, बापाच्या मरणाचं ओझं, पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या होत्या लोकांनी!

सिस्टर खडीत उभी राहिली. पडद्याकडे तिने एकदाच पाहिलं. “मी काय करायची माहितीये? चार नंबरच्या खाटेवरचा चादरीखाली विडी ओढतोय असं मनात आणायची, आणि निघायची.”

टक-धप. टक-धप. टक-धप.

काचेपलीकडे लेकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दुसऱ्या खेपेची गरजच पडली नाही. ती आत आली, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “शेवटच्या नावांत तुझं नाव जाणार.”

“माझं कशाला?” सिस्टर सवयीने म्हणाली. मग बुटातून पाय काढता काढता थांबली. “नाही, घाल. का नको? घालच.”

परतीच्या वाटेवर विषय काढला तो सिस्टरनेच.

“सव्वीस वर्षं मी ती बाहुली पुसतेय हो. दर रविवारी. एकदा तरी तुमच्या तोंडून निघावं, निदान घरात, निदान मला.”

“सांगणार होतो गं. पण टाळ्या पडल्या. मग उशीर झाला.”

“किती उशीर?”

मास्तरांनी विचार केला. “त्याच दिवशी झाला.”

“आणि पोरीच्या पोटावर पाय द्यायला निघालात. तोही दुसऱ्याचा पाय!” मास्तरांना लाज वाटली, आणि चांगली वाटली.

महिन्याने दुसरी झलक आली. चाहते नुसते वेडेपिसे झाले. “आला! आपला वाघ आला!” “अंगावर काटा!” “याला म्हणतात मर्दाचं पाऊल.” बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचं बालपण तिरडीवरून उठून बसलं. “‘जुनी टाच’ यांचा विजय असो,” असंही कुणी लिहिलं.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं. पाऊण तास लागला. “ती पावलं कधीच पुरुषाची नव्हती. तेव्हाही माझ्या बायकोची होती आणि आजही तिचीच आहेत. ती वॉर्डात सिस्टर होती. बक्षीस मी घेतलं, ते चुकलं. पहिल्या झलकेतली पावलं माझ्या लेकीची होती, तीही चांगली होती. मी मत्सराने लिहिलं.” खाली त्यांनी आपलं खरं नाव घातलं.

दोन मिनिटांत भडिमार सुरू झाला. “थापाड्या!” “बाईच्या पावलात हा दम असतो होय?” “मी साऊंडमधला आहे, हे पाऊल किमान नव्वद किलोच्या पुरुषाचं आहे.” “प्रसिद्धीसाठी म्हातारा काहीही बरळतोय. याला काढा.”

सिस्टरचं वजन बावन्न किलो.

“काढलं मला ग्रुपातून,” मास्तर म्हणाले. “खरं बोललो आणि काढलं!”

सिस्टर उठून त्यांच्या खुर्चीमागे आली. तिने फोन हातात घेतला, त्यांनी लिहिलेलं सावकाश, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. खालच्या शिव्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

“त्यांच्यासाठी लिहिलं होतंत का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर.”

तिने डोळे पदराने टिपले, कपाटाशी गेली, खुंटीवरचं फडकं काढलं आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकलं.

“आज रविवार आहे,” ती म्हणाली. “इथून पुढे ती बाहुली तुम्ही पुसायची.”

मास्तर गुडघा धरून उठले.