हॅगरमनचं एकुलतं एक हेड

ऑर्व्हल स्टकीच्या घरी जेवायच्या टेबलावर जेवण होत नसे. तिथं हॅगरमनचं हेड असे. नवरा-बायको मांडीवर ताटल्या घेऊन टीव्हीसमोर जेवत आणि बिडाचा तो मणभर ठोकळा मऊ फ्लॅनेलवर ऐसपैस पसरलेला असे.

"माझ्या आईचं टेबल आहे ते," मार्जीन म्हणायची.

"तुझ्या आईनं इतकी दुर्मिळ वस्तू जन्मात पाहिली होती का?"

"तुला पाहिलं होतं की," असं म्हणून ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

पण वस्तू दुर्मिळ होती, हे कबूल केलं पाहिजे. मंदीच्या काळात इंडियानातल्या त्यांच्याच गावात हॅगरमन नावाचा एक ओतारी होता. फोर्डच्या साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाला त्यानं नवं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, ओतलं. साध्या इंजिनात सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह, याच्यात चार. इंजिन मोकळा श्वास घ्यायला लागलं आणि मातीच्या ट्रॅकवर दोन-तीन हंगाम त्यानं नुसता धुमाकूळ घातला. मग दुसरं महायुद्ध आलं, भंगार गोळा करणाऱ्यांनी दारोदार फिरून लोखंड नेलं, त्यात सगळी हॅगरमन हेडं वितळली. उरलं ते एक, ऑर्व्हलचं. त्यालाही पाणी फिरायच्या भागात चीर होती. टेरे हॉट गावच्या एका म्हाताऱ्याकडून ऑर्व्हलनं ती लोखंडी टाके घालून शिवून घेतली होती. ही गोष्ट तो आणि तो म्हातारा सोडून कुणाला माहीत नव्हती, आणि म्हातारा तर गप्पच असायचा.

ऑर्व्हल ज्या जुन्या इंजिनांच्या मंडळात होता, त्याची तऱ्हाच न्यारी. इथं इंजिन चालू करणाऱ्याकडे लोक संशयानं बघत. वर्षातून एकदा जत्रेच्या मैदानावर सगळे आपापली इंजिनं मांडत, भोवती दोरी बांधत, खाली आरसा ठेवत, म्हणजे पोटाकडची बाजूही दिसावी. कुणी जुनं ग्रीस पुसलं तर परीक्षक गुण कापत. अध्यक्ष गार्लंड टिबेट्स यांनी तर एका सभासदाला कोळ्याचं जाळं झटकलं म्हणून ताकीद दिली होती. जाळं त्या काळातलंच होतं म्हणे! दरवर्षी 'एकमेव वस्तू'ची पितळी ढाल ऑर्व्हललाच मिळायची. बसगाड्यांच्या गॅरेजात जन्म घालवलेल्या माणसाला ती ढाल म्हणजे सगळं काही होतं. आता हसू नका, तुमच्याही घरात कुठली तरी ढाल असेलच.

मंडळात वेडा असा एकच, डेल्मार क्रेब्स. वय झालेलं, छाती भात्यासारखी वाजायची. त्याचा बाप हॅगरमन हेड लावून शर्यती मारायचा. गाडी डेल्मारनं जपली होती, पण हेड युद्धात आईनंच भंगारवाल्यांना दिलं होतं. दरवर्षी तो ती बिनहेडाची गाडी मैदानावर ढकलत आणायचा, आत बसायचा आणि तोंडानं आवाज काढायचा. "हुर्रर्र... आता वळण... हुर्रर्र!" पोरं जमायची, हसायची.

"एकदाच, ऑर्व्हल," तो दरवर्षी म्हणायचा. "तुझं हेड माझ्या गाडीवर बसवू. एक फेरी. बाबांच्या गाडीचा आवाज लहानपणी ऐकला तो ऐकला. पुन्हा एकदा ऐकला की मी जायला मोकळा."

"जगात एकच आहे रे बाबा. त्याला काही झालं तर? दुसरं सापडू दे, ते तुझ्या गाडीवर मी स्वतः या हातांनी बसवीन. शब्द आहे माझा."

असला शब्द द्यायला काय जातं?

आणि नोव्हेंबरात, जुन्या सामानाच्या बाजारात, ते सापडलं की हो! एका बाईच्या कपबश्यांच्या टेबलाखाली, कोठाराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून वापरलेलं, वर कोंबड्यांची शिट. सोळा व्हॉल्व्हची भोकं, बाजूला हॅगरमनचं नाव, एकही चीर नाही. ऑर्व्हलनं आधी आजूबाजूला पाहिलं. मान वळवली तर चार टेबलं पलीकडे डेल्मार उभा, हातात तळलेल्या डुकराच्या मांसाचं चेहऱ्याएवढं सँडविच, मोहरीची चटणी हनुवटीवर.

"ऑर्व्हल! काही मिळालं का?"

"कसलं काय! बायकोसाठी गोधडी घेतोय," असं म्हणत ऑर्व्हलनं खरोखरच गोधडी विकत घेतली, हेडावर टाकली आणि डेल्मारची पाठ वळताच हेडाचेही पैसे मोजले.

घरी ठेवावं तर मार्जीनचं तोंड. फोडावं तर हात धजेना, शेवटी हॅगरमनचं काम! दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेव्हण्याच्या तळ्यावर मासे धरायला म्हणून गेला. जन्मात कधी गळ धरला नव्हता. होडी गळकी निघाली, भीती वाटली, म्हणून काठाजवळच त्यानं हेड सोडून दिलं. तो गोधडी घेऊन परतला, मासा एकही नाही. मार्जीननं त्याच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्यानं त्याला रात्रभर झोप आली नाही.

हिवाळा कडक गेला, तळं काठाला तळापर्यंत गोठलं. उन्हाळा त्याहून वाईट, थेंब पडला नाही. ऑगस्टात मंडळाचा मेळावा भरला आणि दुपारी डेल्मार मैदानावर आला तो हातगाडी ढकलत, घामानं निथळत, लहान पोरासारखा ओरडत.

"सापडलं! ऑर्व्हल, सापडलं! तुझ्या मेव्हण्याच्या तळ्यात! पाणी आटलंय, वर बगळा बसला होता!"

हातगाडीत चिखलानं माखलेलं हेड. मैदानभर धावपळ उडाली. डेल्मार रुमालानं चिखल पुसायला गेला तर टिबेट्स किंचाळले, "हात लावू नका! तळ्याचा मूळ चिखल आहे तो!"

"कुठल्या गाढवानं टाकलं असेल हो?" डेल्मार म्हणाला. ऑर्व्हल आपल्या बुटांकडे बघत राहिला.

मग कुणाला तरी ती दिसली. एका अंगाला लांबलचक चीर. आत पाणी राहिलं, गोठलं, लोखंड फुटलं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"प्रश्न असा," टिबेट्स घसा खाकरून म्हणाले, "दुरुस्त होत असेल तर हेडं दोन. मग 'एकमेव' कुणीच नाही, ढाल रद्द. होत नसेल तर हे नुसतं भंगार. हॅगरमनमधलं ऑर्व्हलइतकं कुणाला कळतं? त्यांनीच सांगावं."

ऑर्व्हल गुडघ्यावर बसला. त्यानं चिरेवरून बोट फिरवलं. त्याच्या स्वतःच्या हेडाची होती तीच जागा, लांबीही जवळपास तेवढीच. टेरे हॉटचा म्हातारा अजून जिवंत होता. महिन्याभरात त्यानं शिवून दिलं असतं. डेल्मार वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होता. मागं टेबलावर ढाल उन्हात चमकत होती.

"गेलं," ऑर्व्हल म्हणाला. "कामातून गेलं, डेल्मार."

डेल्मारनं डोळे मिटले. मग त्यानं ऑर्व्हलच्या खांद्यावर थाप मारली. "तू म्हणालास म्हणजे संपलं. तुझा काय दोष? तू तर शब्द पाळायला तयारच होतास." आणि पहिली टाळी त्यानंच वाजवली. बाकीच्यांनी मग मैदान दणाणून सोडलं.

ऑर्व्हलच्या टेबलामागं खुर्चीवर बसलेली मार्जीन उठली. जाताना नवऱ्याच्या कानाशी थांबली. "त्या दिवशी मासे नाही मिळाले, तेव्हाच मला कळून चुकलं होतं, तू काहीतरी बुडवून आलास," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, आज तरी बोलशील."

टिबेट्सनी ऑर्व्हलच्या हातात ढाल दिली, पुढ्यात माइक धरला. मैदानाच्या टोकाला डेल्मार आपल्या गाडीत चढून बसला होता. "हुर्रर्र... आता वळण..." पोरं हसत होती. मग मध्येच त्याचा दम तुटला आणि आवाज थांबला.

"बोला ना, ऑर्व्हल," टिबेट्स म्हणाले.

ऑर्व्हल ढाल छातीशी धरून उभा होता. तो आवाज पुन्हा सुरू व्हायची वाट बघत होता.