नकाशात नसलेलं दार

अल्लीपूरच्या शाळेतली कुठली खोली तुला डोळे मिटून कागदावर काढता येईल, असं रोशनीला कोणी विचारलं असतं तर तिनं एका दमात सांगितलं असतं, स्वयंपाकघर. आणि घात नेमका तिथेच झाला. माणूस परकी जागा काळजीनं मोजतो आणि घरच्यासारख्या जागेत टेप गुंडाळून खिशात घालतो. रोशनीनंही तेच केलं.

हिंगणघाटच्या पॉलिटेक्निकात पाचव्या सत्राला तिघातिघांच्या गटानं एक प्रोजेक्ट करायचा असतो. रोशनी, निकेश आणि आचल यांच्या वाट्याला विषय आला तो शाळेसाठी संगणकांचं नेटवर्क आखण्याचा. खरं काही उभारायचं नव्हतं. शाळेचा नकाशा काढायचा, कुठल्या खोलीत किती संगणक, वायर कुठून जाणार, सर्व्हर कुठे बसणार ते ठरवायचं आणि सगळं सिम्युलेटरमध्ये, म्हणजे पडद्यावर खोटं खोटं चालवून दाखवायचं. भातुकलीच म्हणा ना. फरक एवढाच, की या भातुकलीला पन्नास मार्क होते.

शाळा रोशनीनं सुचवली. तिची आई कुंताबाई बारा वर्षांपासून तिथे पोरांची दुपारची खिचडी रांधत होती. संस्थेचे अध्यक्ष प्रभाकरराव यांचं गावात बी-बियाण्यांचं मोठं दुकान. मोजमापाची परवानगी मागितली तेव्हा ते नुसते फुलून गेले. "आपल्या गावची पोट्टी कॉम्प्युटरचं करून राह्यली, तिले नाई कोण म्हणन? मोजा, बाप्पा, मोजा!" म्हणाले आणि तिघांना चहा पाजला.

शाळा म्हणजे एका रांगेत दहा खोल्या आणि पुढे लांबलचक व्हरांडा. खिचडीच्या वासावर वानरांचा कळप यायचा, ताटातला घास हिसकून न्यायचा, म्हणून प्रभाकररावांनी खोल्यांच्या खिडक्यांना गज आणि अख्ख्या व्हरांड्याला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी ठोकली होती. जाळीच्या मधोमध एक गेट. व्हरांड्याच्या टोकाला बिनखिडकीचं स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागच्या भिंतीत पत्र्याचं एक बुटकं दार. तिथून कुंताबाई तांदळाचं पाणी फेकायची, तिथेच भांडी घासायची. त्याला कोणी दार म्हणतच नसे. "मोरीकडून ये" असं म्हणायचे, आणि लहानपणापासून रोशनी मोरीकडूनच यायची.

मोजायला गेले त्या दिवशी नऊ खोल्या होईस्तोवर साडेचार वाजले. निकेश आणि आचलला हिंगणघाटची एसटी पकडायची होती.

"स्वयंपाकघर राह्यलं ना बे," निकेश म्हणाला.

"राहू दे. ते मले तोंडपाठ आहे," रोशनी म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं घरी बसून नकाशा पुरा केला. शेगडी काढली, सिलिंडर काढला, पाण्याचा ड्रम आणि तांदळाची कोठी काढली. मोरी काही नेटवर्कमध्ये येत नव्हती, तेव्हा मोरी सोडली आणि मोरीबरोबर दारही राहून गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नुसत्या संगणकांवर निकेशचं समाधान होईना. त्याचे दोन विषय आधीच राहिलेले, याही विषयाला आपटला तर वर्ष जाणार होतं. परीक्षक खूश व्हावा म्हणून त्यानं सिम्युलेटरमध्ये व्हरांड्याला एक विजेचं गेट बसवलं. कार्ड दाखवलं की सर्व्हर हो म्हणतो आणि गेट सरकतं. सर्व्हर काहीच बोलला नाही, तर गेट बंदच. हे 'बंदच' रोशनीला दिसलं होतं. वीज गेली तर काय, असं तिच्या मनात आलंही, पण आचलनं सर्व्हरशेजारी बॅटरीचं चित्र ठेवलं आणि रोशनीनं विषय सोडला. अहवालात तिघांनी लिहिलं, 'वीज गेली तरी रचना सुरक्षित राहते', आणि खाली सह्या ठोकल्या.

प्रभाकररावांनी ते पडद्यावर पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. सातवी-आठवीची पोरं खिचडी हाणून दुपारी पसार व्हायची, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. "हेच पायजे होतं मले!" ते म्हणाले आणि नकाशाची प्रत मागून घेतली. तिघांनाही वाटलं, काका भिंतीवर लावतील. कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टवरून कोणी गवंडी बोलावतो, हे कोणाच्या स्वप्नात यायचं?

परीक्षेला पाच दिवस उरले होते. कुंताबाई लसूण सोलता सोलता सहज बोलली, "तुमचं ते मोटारचं गेट लागलं हो शाळेत. तुयं नाव घेत होते अध्यक्ष, सगळ्यायसमोर."

रोशनी हरखली. "खरं?"

"हो ना. आन् मोरीकडचं दार बुजवलं. गवंड्यानं इचारलं, तं अध्यक्ष म्हणे पोरीच्या नकाशात तेथी दार नाई, भिंत आहे. पोरं पळत तं तेथूनच पळत, म्हणे. आता भांडे समोरून न्या लागतात, कंबर गेली माही. आन् दिवसा बी लाईट लावा लागते."

रोशनीनं हातातला चहा खाली ठेवला. "आई, लाईन गेल्यावर गेट उघडते का?"

"परवा गेलती ना अर्धा घंटा. नाई उघडलं. अध्यक्ष आले, चाबी लावली, मंग सरकलं. पोट्टे नुसते खिदळून राह्यले होते." कुंताबाईनं लसणाची सालं फुंकली. तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आपल्या लेकीनं केलेलं ते, त्यात वावगं कसं असेल?

त्या संध्याकाळी रोशनीनं लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरच्या शाळेची वीज तोडली. आधी बॅटरीचं चित्र पुसलं, कारण खऱ्या शाळेत बॅटरी नव्हती. अध्यक्षांनी ती पुढच्या वर्षावर ढकलली होती, हे तिनं आईकडून काढून घेतलं. मग सर्व्हर बंद केला. हिरवे ठिपके एकामागून एक लाल झाले आणि गेट मिटलेलं राहिलं. तिनं तीन वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी दीडशे पोरं, आई, तिच्या जोडीची स्वयंपाकीण तानाबाई आणि पेटती शेगडी एकाच पिंजऱ्यात उरत होती, आणि पिंजऱ्याला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं निकेशला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "सोमवारी परीक्षा होऊ दे ना, रोशनी. मंग सांगू. आता सांगतलं तं डिझाइनच फेल म्हणतीन. माह्या वर्षाचा विचार कर." आचल अहवालाची पानं लावत राहिली. मग ती प्रोजेक्टचे मार्गदर्शक गजेंद्र सर यांच्याकडे गेली. ते तर अनुभवी. त्यांनी आवाज हळू केला. "चूक आहे, मान्य. चार दिवसांत काही आभाळ कोसळत नाही. बाहेरचे परीक्षक येऊन जाऊ देत, मग मी स्वतः अध्यक्षांशी बोलतो."

चार दिवस. बारा वर्षांत त्या स्वयंपाकघरात कधी काही झालं नव्हतं, मग चार दिवसांत काय होणार? रोशनीनं स्वतःची अशी समजूत घातली आणि ती समजूत तिला मनापासून हवीच होती. तरी सोमवारी सकाळी ती आईला म्हणाली, "आज सुट्टी घे ना."

"बिमार आहो का मी? तुया पेपर आहे, माहा नाई," असं म्हणून कुंताबाईनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि ती शाळेच्या वाटेला लागली.

परीक्षेला प्रभाकरराव पाहुणे म्हणून आले होते. गजेंद्र सरांनीच बोलावलं होतं. प्रोजेक्ट खरोखर उभा राहिला म्हणजे कॉलेजची शान. परीक्षकांनी सगळं बारकाईनं पाहिलं, वायरींचे आकडे विचारले, माना डोलावल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून रोशनीला म्हणाले, "आणि वीज गेली तर?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. निकेशचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावा.

"बॅटरी बॅकअप आहे, सर," रोशनी म्हणाली.

"छान."

"आन् माह्याजवळ चाबी आहे ना!" प्रभाकरराव मध्येच बोलले आणि त्यांनी सदऱ्याचा खिसा थोपटला. "एकच चाबी. दुसऱ्या कोणाच्या हाती देतच नाई मी. नाई तं पोट्टे तिची नक्कल बनवतीन." परीक्षक हसले, गजेंद्र सर हसले. रोशनीची नजर मात्र त्या खिशावर खिळली. चावी इथे हिंगणघाटात होती आणि शाळा तिथे, अर्ध्या तासावर. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. या वेळेला आईचा मोठा गंज, म्हणजे खिचडीचं पातेलं, शेगडीवर चढलेला असतो.

परीक्षक मार्क लिहीत होते तेवढ्यात प्रभाकररावांचा फोन वाजला. "हां, रूपराव, बोल... लाईन गेली? कधी?... अरे, तं असू दे ना. पोरं कुठी पळून राह्यले? मी आलो का उघडतो." फोन खिशात टाकून ते सगळ्यांकडे पाहून कौतुकानं म्हणाले, "शिपाई होता शाळेतला. घाबरट आहे लेकाचा."

रोशनी उभीच होती. आता बोलली नाही तर कधीच बोलणार नाही, एवढं तिला कळलं.

"सर, मी खोटं बोलली," ती परीक्षकांना म्हणाली. "बॅटरी नाई तेथी. आणि नकाशा चुकीचा आहे. स्वयंपाकघराले मागून दार होतं, ते मी काढलंच नाई. माह्या नकाशावरून ते बुजवलं. काका, चाबी द्या. आत्ता चला. माही आई आहे आत, दीडशे पोरं आहेत."

निकेशनं डोळे मिटून घेतले. परीक्षकांचं पेन थांबलं. गजेंद्र सर काहीतरी म्हणू लागले, पण प्रभाकररावांनी रोशनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते उठले. माणूस हट्टी होता, पण बापही होता. "गाडी खालीच आहे," एवढंच म्हणाले.

गाडी हिंगणघाटच्या बाहेर पडली तेव्हा कुठे आईचा फोन लागला. मागे पोरांचा कल्ला ऐकू येत होता. हसत होती, जाळी वाजवत होती.

"आई, कुठी आहेस?"

"व्हरांड्यात आलो, आत टावर नाई भेटत. लाईन गेली पाय, तेथी अंधार गुडूप आहे. त्या गडबडीत गंज उतू गेला आन् शेगडी इझली. खिचडी अर्धी कच्चीच राह्यली. पोट्टे भुकेले आहेत." मग आवाज मऊ करून तिनं विचारलं, "पेपर कसा गेला तुया?"

"आई, शेगडीचं बटन बंद केलं का?"

"बटन?" कुंताबाई म्हणाली. "तानाबाई आहे ना आत, तिनं केलं असन. कायतरी वास तं येऊन राह्यला म्हणा. ते मेणबत्ती हुडकून राह्यली."

रोशनी ओरडली, इतक्या जोरात की प्रभाकररावांचा हात स्टिअरिंगवर हलला. "काडी नको लावू देऊ! तिले बाहेर बोलाव! आई, तेथूनच हाक मार!"

"एवढ्या कल्ल्यात तिले कशी ऐकू येईन? थांब, मीच सांगून येतो," कुंताबाई म्हणाली. लेकीनं सांगितलेलं तिनं कधी टाळलं नव्हतं.

"तू नको जाऊ! आई, तू नको—"

पण फोन कानापासून दूर गेला होता. पोरांचा आवाज मागे मागे पडत गेला आणि फरशीवर आईच्या चपला वाजू लागल्या, भरभर. प्रभाकररावांनी गाडीचा वेग वाढवला. अल्लीपूर अजून पंधरा किलोमीटर होतं.