कुबानिचने निवडलेलं नेट

माझ्या नवऱ्याला, कुबानिचला, जगातलं सगळं कळतं. घरातला नळ का गळतो तेवढं कळत नाही. माझा धाकटा भाऊ मायराम मित्रांबरोबर व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया बघायला निघाला, तेव्हा त्याच्या फोनमध्ये कुठलं ई-सिम घालायचं हे ठरवायचा मान अर्थातच आमच्या पंडितांनी घेतला.

त्यापायी आमचं जेवणाचं मेज आठवडाभर अडकलं. माझे वडील घोडा घ्यायचे तेव्हा दात बघायचे, चार पावलं चालवून बघायचे आणि हातावर हात मारून मोकळे व्हायचे. इथे दोन धट्टेकट्टे पुरुष चहाचे वाडग्यांवर वाडगे रिचवत, डोळ्यांना न दिसणारी वस्तू पारखत बसले होते.

"जेझदे, यात 'संपूर्ण आशिया' लिहिलंय," मायराम म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला तो तसंच म्हणतो, आणि मला, थोरल्या बहिणीला, एजे.

"देशांची नावं वाच. त्यात आपण आहोत का?"

नव्हतोच. ना आम्ही किरगिझ त्यात, ना उझबेक, ना ताजिक. विकणाऱ्यांच्या लेखी समुद्र आणि नारळ असतील तिथेच आशिया. आम्ही डोंगरातली माणसं कुठल्या खंडात मोडतो ते त्यांनाच ठाऊक.

"अरे, याला तिकडे जायचंय. आपण त्यात असलो काय, नसलो काय?" मी म्हटलं. "तिथे उतरल्यावर साधं कार्ड घे की."

मटणाच्या मंटीत साखर घाला म्हटल्यासारखं दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"सोनुन, हे तुझं काम नाही," कुबानिच म्हणाला. "यात नुसतं नेट असतं, नंबर नसतो. इथला नंबर बंद ठेवायचा, रोमिंगचा खर्च वाचतो. मी माझ्या खात्यावरून घेतो, म्हणजे इथे बसून मलाच सगळं सांभाळता येईल."

शेवटी घेतलं ते सगळ्यांत स्वस्त. हे आठवड्याच्या संशोधनाचं फळ.

वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. तशात मायराम समुद्रात डुंबायला निघाला, याचा मला संताप आला होता आणि अजूनही येतो. पण वडीलच म्हणाले, "जाऊ दे पोराला," म्हणून मी मूग गिळून बसले.

पॅक व्हिएतनाममध्येच संपलं. मायरामने हॉटेलच्या नेटवरून फोन केला. "जेझदे, तुमचं ई-सिम म्हणजे निव्वळ कचरा!" तो शब्द कुबानिचला फार झोंबला. "व्हिडिओ बघत लोळला असेल, दुसरं काय," असं दिवसभर घरात पुटपुटत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले.

आमच्या गावात, अट-बाशीत, आम्ही मरणाची बातमी फोनवर देत नाही. परगावच्या मुलाला "वडील आजारी आहेत, ये" एवढंच सांगायचं. तो आला की वडीलधारी माणसं त्याला मधे घेऊन बसतात आणि पाठीवर हात ठेवून, आपल्या तोंडाने ऐकवतात. आईचं मरण मी तसंच ऐकलं होतं. दोन्ही चुलत्यांनी धरलं नसतं तर मी जमिनीवर कोसळले असते. मायराम कसाही असो, बापाचं मरण त्याने एकट्याने ऐकू नये एवढंच मला हवं होतं.

मी तडक त्याच्या हॉटेलवर फोन लावला. "वडिलांचं जास्त झालंय. मिळेल त्या विमानाने ये." मित्रांना तिथेच सोडून तो लगेच निघाला. हॉटेल सुटलं तसं नेटही सुटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. गावात सगळ्यांना बजावलं, कुणी फोनवर काही टाकायचं नाही. गावाने ऐकलं. पण वडील शाळामास्तर. त्यांचे विद्यार्थी मॉस्कोपासून अल्माटीपर्यंत पसरलेले. ते थेट मायरामलाच सांत्वन पाठवत होते. म्हटलं, पाठवू देत, त्याचा फोन मुका आहे.

अंगणात लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला. आत वडिलांपाशी आम्ही बायका शोक करत होतो. बाहेर दाराशी काठीला टेकून रडायचं काम पुरुषांचं. मी पाणी घ्यायला बाहेर आले तर आमचा पुरुष काठी काखेत धरून फोनवर बोटं फिरवत होता.

"काय करतोयस?"

"मायरामचं पॅक भरलं. बँकॉकला विमान बदलायचंय, अडकला म्हणजे? या वेळी मोठं घेतलंय. कचरा म्हणत होता!"

"अरे मूर्खा, सगळे निरोप एकदम जाऊन पडतील त्याच्यावर! बंद कर ते!"

त्याने दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं. "बंद नाही करता येत," म्हणाला. "एकदा भरलं की भरलं."

चुलते बिश्केकच्या विमानतळावरून मायरामला घेऊन आले. ऐकवायचं ते वेशीवरच्या त्यांच्या घरी ठरलं होतं. मी तिथे धावत गेले. थोरले असानकुलकाका गाडीतून उतरले आणि कौतुकाने माझ्या कानाशी म्हणाले, "पोरगं शहाणं गं. वाटभर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. बापाचं एकदासुद्धा विचारलं नाही."

आजारी बापासाठी धावत आलेला मुलगा बापाचं का विचारत नाही, ते मला तिथेच कळलं.

मायराम मधे बसला. काकांनी लांबून सुरुवात केली, आजोबा, पणजोबा, त्यांची कुरणं, त्यांचे घोडे, आणि मग हळूच वडिलांवर आले. मायरामने शब्द न् शब्द मान खाली घालून ऐकला. सांगून झाल्यावरच त्याने "बाबा!" म्हणून हंबरडा फोडला. चार जणांनी त्याला सावरलं. आपलं काम नीट पार पडलं म्हणून म्हाताऱ्यांना समाधान वाटलं. ते त्याने त्यांना वाटू दिलं.

अंगणात मी त्याच्या हातावर पाणी घातलं.

"बँकॉकला रांगेत उभा होतो, एजे," तो हळू आवाजात म्हणाला. "मॉस्कोहून कुणीतरी रडक्या तोंडाचं चित्र पाठवलं होतं. शेजारी एक फूल. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं गं."

तेवढ्यात कुबानिच टॉवेल घेऊन आला. मायरामने तोंड पुसलं, टॉवेल त्याच्या हातात परत दिला.

"नेट उत्तम चाललं, जेझदे."

कुबानिचचे डोळे भरून आले. माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, पहिल्यापासून मोठंच घ्यायला हवं होतं."