खंडूमामांचा सोमवार

“मामा, रक्त येतंय हो!” मी ओरडले.

“काय न्हाई, नीलम. डास चावला आसंल,” सर्जेरावआबा हनुवटी झाकत म्हणाले. वस्ताऱ्याखाली म्हणे डास!

आबांची मान सारखी हलते, आणि हल्ली खंडूमामांचा हातही थरथरतो. मामांचं सलून सणसवाडीत. सोमवारी दुकान बंद, की धोकटी घेऊन आमच्या केंदूरच्या वृद्धाश्रमात हजर. कधी एक पैसा घेतला नाही. त्यात नेमकं आमच्या विश्वस्तांचं नवं फर्मान आलं: जे येऊन सेवा देतात, त्यांनाच कायमचे देणगीदार करा. मी इथली व्यवस्थापक, म्हणजे आता हे मामांना मीच सांगायचं!

म्हटलं, वस्ताऱ्याचं आणि देणगीचं, दोन्ही एकदाच उरकावं. चहा दिला आणि ओसरीवरच बोलले, “मामा, आता वस्तारा नको. त्यापेक्षा महिन्याला काही मदत सुरू केलीत तर...”

“म्हंजी हात नगं, पैका पायजे?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा तसाच ठेवून मामा गेले.

पुढच्या सोमवारी ते आलेच नाहीत. आबा गळ्यात पंचा बांधून अंगणात बसून राहिले. जेवायला उठवायला गेले तर माझ्यावरच खेकसले, “त्याला काय बोललीस तू?” मला रडूच आलं.

त्यानंतरच्या सोमवारी मामा आले, ते दुकानातल्या कारागिराला, विक्रमला घेऊन.

“ह्याची मजुरी दर महिन्याला माझ्याकडनं. मी हाय तवर मी देतो, माझ्यामागं पोरगा देईल. सांगून ठिवलंय त्याला. फाडा पावती, ताई.” मग आवाज खाली आला. “पन मला येऊ नगा म्हनू नका.”

“अहो मामा, असं कसं म्हणेन मी?” मी पावतीपुस्तक काढलं.

आबा मात्र अडून बसले. “ह्या पोराच्या हाती मान दिऊ व्हय? न्हाई जमायचं.”

मामा पुढं झाले. बाह्या सारल्या, आबांच्या मागं उभे राहिले आणि दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरून पोटाशी टेकवलं. मान थांबली. विक्रम दाढी करू लागला. सणसवाडीत कुणाच्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, कुणाच्या पोरीचं जमलं, मामा सांगत राहिले.

विक्रमनं पंचा झटकला. “झालं, आबा.”

मामा हात काढू लागले.

“ऱ्हाऊ दे की जरा,” आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

विक्रमनं पुढच्या आजोबांसाठी दुसरी खुर्ची आणली.